रुग्णालयातील संसर्गाच्या चौकशीत जंतूचा जनुकसंचही वाचला जावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात किंवा नवजात शिशू कक्षात थोड्या दिवसांच्या अंतराने एकाच जंतूचा संसर्ग झालेले तीन-चार रुग्ण आढळले, की त्याची बातमी बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. चौकशी समिती नेमल्याचे सांगितले जाते, कक्ष धुऊन काढल्याचे सांगितले जाते, नातेवाईक हलगर्जीपणाचा आरोप करतात, व्यवस्थापन तो फेटाळते आणि यथावकाश विषय मागे पडतो. त्या रुग्णांना झालेला संसर्ग खरोखर एकमेकांकडून किंवा एकाच ठिकाणाहून आला होता का, या मूळ प्रश्नाचे उत्तर बातमीत नसते आणि पुष्कळदा समितीच्या अहवालातही नसते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणारी म्हणून मला हे फार खटकते, कारण हे उत्तर शोधण्याचे साधन आज हाताशी आहे. रुग्णांकडून मिळालेल्या जिवाणूंचा संपूर्ण जनुकसंच वाचणे, म्हणजेच जिनोम सिक्वेन्सिंग, हे ते साधन. करोनाच्या काळात विषाणूच्या नव्या प्रकारांमुळे हा शब्द घरोघरी पोहोचला. रुग्णालयातील जिवाणूंच्या तपासात मात्र त्याचा वापर त्याआधीपासून होत आला आहे, आणि त्याबद्दल सर्वसामान्य वाचकांपर्यंत फारसे काही पोहोचलेले नाही, म्हणून हे पत्र.

संशय सहजासहजी का फिटत नाही, हे कळण्यासाठी प्रयोगशाळेतील टेबलावर काय दिसते ते सांगते. समजा, एकाच कक्षातील दोन रुग्णांच्या रक्तातून क्लेबसिएला न्यूमोनी हा जिवाणू वाढला आहे. मॅकॉन्की या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमाच्या दोन्ही प्लेटांवर जिवाणूंच्या गुलाबी, ओलसर, एकमेकींत मिसळू पाहणाऱ्या वसाहती आहेत, आणि कोणत्या औषधाला जिवाणू दाद देतो याचा तक्ता दोन्हींचा हुबेहूब सारखा आहे. एवढ्यावरून ‘एकाचा दुसऱ्याला लागला’ असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते धोक्याचे आहे. जेथे तीच तीच प्रतिजैविके वर्षानुवर्षे वापरली जातात, तेथे एकमेकांशी काहीही संबंध नसलेले वाणसुद्धा त्याच औषधांना दाद देईनासे होतात, त्यामुळे तक्ता सारखा असूनही जिवाणू वेगळ्या वंशाचे असू शकतात. उलट, प्रतिरोधाची जनुके वाहून नेणारा प्लाझ्मिड नावाचा डीएनएचा छोटा तुकडा जिवाणूने वाटेत गमावला, तर एकाच वंशातील दोन जिवाणूंचे तक्ते वेगळे दिसतात आणि खरा दुवा हातचा निसटतो. जिवाणूचा डीएनए विकराने कापून पट्ट्यांचे नक्षे जुळवण्याची पद्धत अनेक वर्षे वापरात होती. त्यानंतर ठरावीक सात जनुकांचे तुकडे वाचून प्रकार ठरवण्याची पद्धत आली. त्या सात तुकड्यांत मिळून जेमतेम तीन हजार अक्षरे, म्हणजे डीएनएच्या साखळीतील एकेक घटक, वाचली जातात. क्लेबसिएलाचा जनुकसंच पन्नास लाखांहून अधिक अक्षरांचा असतो. जगभर पसरलेल्या एखाद्या यशस्वी वाणाचे शेकडो रुग्ण त्या सात जनुकांत तंतोतंत सारखे निघतात, म्हणून एका कक्षातील दोन रुग्णांचा संबंध आहे की नाही, हे तेवढ्यावरून ठरत नाही.

संपूर्ण जनुकसंच वाचला की चित्र पालटते. जिवाणू दुभंगताना आपल्या डीएनएची नक्कल करतो आणि त्या नकलेत क्वचित एखादे अक्षर चुकते. जुन्या पोथीची नक्कल करताना एखाद्या लेखनिकाकडून झालेली चूक पुढच्या सगळ्या प्रतींत उतरावी आणि त्या समान चुकांवरून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून केली हे अभ्यासकाने ताडावे, तसेच येथे होते. या चुकांचा वेगही बऱ्याच जिवाणूंच्या बाबतीत अंदाजाने माहीत आहे. एमआरएसए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मेथिसिलीनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या एका वाणात साधारण सहा आठवड्यांत एक अक्षर बदलते, असे आढळले आहे. अतिसार घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलमध्ये वर्षाला एखाद-दुसरेच बदलते. म्हणून दोन रुग्णांचे जिवाणू दोन-तीन अक्षरांनीच वेगळे निघाले तर त्यांचा पूर्वज नजीकच्या काळातला आहे असे मानता येते, आणि शेकडो किंवा हजारो अक्षरांचा फरक निघाला तर एकाच कक्षातील, एकाच आठवड्यातील ते दोन संसर्ग केवळ योगायोगाने शेजारी आलेले असतात. येथे वाचला जातो तो जिवाणूचा जनुकसंच, रुग्णाचा नव्हे, हेही स्पष्ट करते. या तपासणीत रुग्णाच्या आनुवंशिक माहितीचा शोध घेतला जात नाही.

हे केवळ पुस्तकी नाही, हे दाखवणारी काही उदाहरणे आता वैद्यकीय साहित्यात सर्वमान्य झाली आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या बेथेस्डा येथील रुग्णालयात 2011 साली जून महिन्यात कार्बापेनेम या राखीव, प्रभावी प्रतिजैविकांना दाद न देणारी क्लेबसिएला घेऊन एक रुग्ण दाखल झाला. जंतू आधीच ठाऊक होता, त्यामुळे त्याला वेगळे ठेवण्यापासून सर्व खबरदारी घेतली गेली आणि जुलैत तो घरी गेला. दुसरा रुग्ण आढळला तो त्यानंतर तब्बल तीन आठवड्यांनी, आणि मधल्या काळात कोणाच्याही नमुन्यात हा जंतू दिसला नव्हता. साध्या तर्काने पाहिले तर हा जंतू बाहेरून नव्याने आला असावा असेच कोणीही म्हणाले असते. जनुकसंचांच्या वाचनाने मात्र दाखवले की सगळे प्रकरण त्या पहिल्या रुग्णापासूनच सुरू झाले होते, आणि तेही एकदा नव्हे, तर तीन स्वतंत्र वेळा त्याच्याकडून जंतू पुढे गेला होता. मधले रुग्ण तो आतड्यात बाळगून होते, आजारी नव्हते, म्हणून कोणाच्या नजरेस आले नाहीत. एकूण 18 रुग्णांपर्यंत तो पोहोचला. त्यांतील 11 जण दगावले आणि त्यांपैकी 6 मृत्यू थेट या संसर्गामुळे झाल्याचे मानले गेले. निर्जंतुक केलेल्या एका व्हेंटिलेटरवर आणि सिंकच्या निचऱ्याच्या नळ्यांतही तो सापडला.

सिंकचा उल्लेख मी मुद्दाम केला. अतिदक्षता विभागात हात धुण्यासाठी बसवलेले सिंक हे स्वच्छतेचे प्रतीक मानले जाते, पण त्याखालच्या वाकड्या नळीत सतत पाणी साचलेले असते आणि तिच्या आतल्या भिंतीवर जिवाणूंचा चिकट थर जमतो. हा थर हळूहळू वर जाळीपर्यंत चढतो. नळाची धार थेट जाळीवर पडत असेल तर शिंतोडे मीटरभर अंतरापर्यंत उडतात, आणि त्या टप्प्यात जर इंजेक्शने भरण्याचा ट्रे ठेवलेला असेल, तर पुढचे सांगायला नको. अशा ठिकाणचा जंतू महिनोन्‌महिने टिकून राहतो आणि अधूनमधून एखाद्या रुग्णात उगवतो. दोन रुग्णांमधले अंतर इतके मोठे असते की कोणाच्या मनात शंकाही येत नाही. नळीतून घेतलेल्या नमुन्याचा आणि रुग्णाच्या रक्तातील जिवाणूचा जनुकसंच शेजारी ठेवून पाहिला, तरच हा धागा हाती लागतो.

केंब्रिजमधील एका रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातले उदाहरण मला अधिक बोलके वाटते. तेथे 2011 साली सहा महिन्यांच्या काळात 12 बाळांच्या अंगावर एमआरएसए आढळला होता. सगळी प्रकरणे जोडलेली असावीत असा संशय होता, पण नेहमीच्या पद्धतींनी तो सिद्ध होत नव्हता, कारण मध्ये मध्ये खंड पडत होता. जनुकसंच वाचल्यावर या जंतूचे संबंधित असे 26 जण निघाले. तो बाळांच्या कक्षापुरता राहिलेला नव्हता, बाळंतिणींच्या कक्षात आणि रुग्णालयाबाहेर घरांतही पोहोचला होता. कक्षाची कसून स्वच्छता झाली, आणि शेवटच्या रुग्णानंतर 64 दिवसांनी पुन्हा एका बाळात एमआरएसए सापडला. तो त्याच साथीतला असल्याचे जनुकसंचाने सांगितल्यावर प्रश्न उभा राहिला, की मधले दोन महिने हा जंतू होता कुठे? 154 कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि त्यांतील एक जण तो बाळगून असल्याचे आढळले. त्या व्यक्तीवर उपचार करून जंतू घालवण्यात आला. एमआरएसए निरोगी माणसाच्या नाकात कोणत्याही त्रासाशिवाय राहू शकतो. तो बाळगणे हा गुन्हा नाही आणि त्या व्यक्तीला स्वतःला त्याची कल्पनाही नसते. त्या प्रकरणात उपचार झाले, शिक्षेचा प्रश्नच आला नाही, आणि मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

याची दुसरी बाजू संशय खोटा ठरण्याची आहे आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष जाते. ऑक्सफर्डशायरमध्ये 2007 ते 2011 या काळातील क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या बाराशेहून अधिक रुग्णांचे जिवाणू वाचले गेले. हा जंतू रुग्णालयात एका आजारी रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो, हे तोपर्यंत जवळजवळ गृहीत धरले जात होते. प्रत्यक्षात आधीच्या कोणत्या तरी रुग्णाशी निकटचे नाते सांगणारे जिवाणू 35 टक्केच निघाले, आणि 45 टक्के जिवाणू आधीच्या सर्व रुग्णांच्या जिवाणूंपेक्षा दहाहून अधिक अक्षरांनी वेगळे होते, म्हणजे ते इतर कुठून तरी आले होते. एखाद्या कक्षात सात दिवसांत तीन रुग्ण आढळले म्हणून परिचारिकांना दोषी धरून त्यांच्या बदल्या करणाऱ्या व्यवस्थापनाने हा निष्कर्ष नीट वाचावा. तीन जिवाणू तीन वेगळ्या वंशांचे निघाले, तर एकाचा हात दुसऱ्याला लागल्याची कहाणी तेथेच संपते. मग तपासाचा रोख दुसरीकडे न्यावा लागतो: मोठ्या शिरेतील मध्यवर्ती नलिका घालताना आणि हाताळताना काळजी घेतली जाते का, प्रतिजैविके गरज नसताना दिली जातात का, रुग्ण दाखल होतानाच जंतू घेऊन येतात का. कक्ष बंद ठेवून खाटा अडवण्यापेक्षा आणि कर्मचाऱ्यांवर कारवाई करण्यापेक्षा हे काम अधिक कष्टाचे आहे, पण संसर्ग त्यानेच कमी होतो.

कधी कधी धागा रुग्णालयाच्या भिंतीबाहेर जातो. हृदयशस्त्रक्रियेत रक्ताचे तापमान राखणाऱ्या उपकरणाच्या पाण्याच्या टाकीत मायकोबॅक्टेरियम कायमेरा नावाचा जिवाणू वाढत होता आणि त्याचे सूक्ष्म तुषार शस्त्रक्रियागृहाच्या हवेत मिसळत होते. रुग्ण आजारी पडत ते शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिन्यांनी, काही तर वर्षांनी, त्यामुळे एकेकट्या रुग्णालयाला ते प्रकरण कळणेच अवघड होते. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील रुग्णांचे व उपकरणांचे जिवाणू वाचून 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते एकमेकांच्या इतके जवळचे निघाले, की उपकरण जेथे तयार होते त्या कारखान्यातच दूषितीकरण झाले असावे, या निष्कर्षाला बळ मिळाले. अमेरिकेत 2023 साली कृत्रिम अश्रूंच्या थेंबांमुळे पसरलेल्या स्यूडोमोनास या जिवाणूच्या साथीतही 18 राज्यांत विखुरलेल्या 81 रुग्णांना एका धाग्यात बांधण्यात जनुकसंचाचे मोठे साह्य झाले. त्यांतील चौघांचा मृत्यू झाला आणि अनेकांची दृष्टी गेली. एका रुग्णालयात एक किंवा दोनच रुग्ण असताना ‘साथ’ हा शब्द कोणाच्या तोंडी येणार? विखुरलेल्या प्रयोगशाळांनी आपापले निकाल एकमेकांपुढे ठेवले, तेव्हाच ती दिसली.

या साधनाच्या मर्यादा झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. किती अक्षरांच्या फरकापर्यंत ‘संबंधित’ म्हणायचे, याचा सर्व जिवाणूंना लागू पडेल असा एकच आकडा नाही. तो जिवाणूच्या जातीवर, नमुन्यांमधील काळावर आणि विश्लेषणाच्या पद्धतीवर ठरतो. एकाच रुग्णाच्या शरीरात महिनोन्‌महिने राहिलेल्या जिवाणूंमध्येही थोडी विविधता निर्माण होते, आणि प्लेटवरची एकच वसाहत उचलून वाचली तर तीतले निम्मेच कळते. ‘अ’ कडून ‘ब’ कडे गेला की उलट, हे केवळ जनुकसंचावरून पुष्कळदा सांगता येत नाही, आणि दोघांनाही तो तिसऱ्या, न तपासलेल्या व्यक्तीकडून मिळाला असण्याची शक्यता कायम राहते. प्लाझ्मिडमुळे आणखी गुंतागुंत होते: कधी कधी साथ जिवाणूची नसून प्लाझ्मिडचीच असते, म्हणजे प्रतिरोधाचे तेच जनुक क्लेबसिएलातून ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूमध्ये आणि तेथून एंटेरोबॅक्टर या तिसऱ्यामध्ये उडी मारते. तेथे मुख्य जनुकसंचांची तुलना करून हाती काहीच लागत नाही. लांब तुकडे वाचणाऱ्या यंत्राने प्लाझ्मिड सलग वाचावा लागतो. म्हणून जनुकसंचाचा अहवाल कधीही एकटा वाचू नये. कोणता रुग्ण कोणत्या तारखेला कोणत्या खाटेवर होता, कोणत्या शस्त्रक्रियागृहात गेला, त्याच्यासाठी कोणती एंडोस्कोपची नळी वापरली, ही नोंद शेजारी नसेल तर लाखो अक्षरे वाचूनही संसर्ग कोणत्या वाटेने गेला ते समजत नाही.

आणि येथेच माझी खरी तक्रार आहे. बहुसंख्य ठिकाणी अडचण यंत्राची नसते, ती जिवाणूच शिल्लक नसण्याची असते. अहवाल संगणकात चढला, की प्लेटा लाल पिशवीत आणि तेथून वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये जातात. तिसरा रुग्ण आढळून कोणाच्या मनात शंका येईपर्यंत पहिल्या दोघांचे जिवाणू नष्ट झालेले असतात, आणि मग चौकशी समितीपुढे कागदांशिवाय काहीही उरत नाही. ग्लिसरॉल घातलेल्या छोट्या कुपीत जिवाणूचे थोडे मिश्रण घालून ते उणे 70 अंशांखाली ठेवले, तर तो वर्षानुवर्षे जिवंत राहतो. त्यासाठी लागते ती एक कुपी, एक लेबल, शीतकपाटातील बोटभर जागा आणि हे काम रोज करणारा माणूस. नव्या झटपट चाचण्यांनी यात भर घातली आहे. नमुन्यातून थेट जनुके ओळखणाऱ्या या चाचण्यांमुळे उपचार लवकर सुरू होतात आणि ते स्वागतार्हच आहे, पण त्यांच्यामागे जिवाणू वाढवून ठेवला नाही, तर पुढे वाचायला काहीच हाती राहत नाही. झटपट चाचणी झाली तरी त्या नमुन्याचे कल्चर, म्हणजे त्यातील जिवाणू वाढवणे, व्हायलाच हवे.

माझी मागणी त्यामुळे साधी आहे. अतिदक्षता, नवजात, कर्करोग आणि प्रत्यारोपण विभागांतील रुग्णांच्या रक्तातून मिळालेला प्रत्येक जिवाणू, तसेच कार्बापेनेमला दाद न देणारा प्रत्येक जिवाणू किमान एक वर्ष जपून ठेवणे रुग्णालयांना बंधनकारक असावे. प्रत्येक रुग्णालयाने सिक्वेन्सिंगचे यंत्र घ्यावे असे मी मुळीच म्हणत नाही; अनेक रुग्णालयांनी मिळून चालवलेले एक केंद्र पुरेसे आहे, मात्र तेथून निकाल काही दिवसांत यायला हवा. कल्चर हाती असेल तर डीएनए वेगळा करण्यापासून विश्लेषणापर्यंतचे काम थोड्या दिवसांत होऊ शकते. सहा महिन्यांनी शोधनिबंधात छापून आलेला निकाल विज्ञानाला उपयोगी असेल, पण मधल्या काळात त्या खाटेवर झोपलेल्या रुग्णाला त्याचा काय उपयोग? हा खर्च रुग्णाच्या बिलात येता कामा नये, कारण संसर्गाचा माग काढणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे, रुग्णाने विकत घेतलेली सेवा नव्हे. आणि केंद्रात यंत्र आणून ठेवले, पण निकालाचा अर्थ लावणारे जाणकार नेमले नाहीत, तर पैसा वाया जाईल. यंत्राइतकीच तरतूद माणसांसाठी हवी.

व्यवस्थापनांना यात भीती वाटते, हे मला माहीत आहे. जनुकसंचाने दुवा सिद्ध केला तर न्यायालयात तोच आपल्याविरुद्ध पुरावा ठरेल, म्हणून न पाहिलेलेच बरे, अशी एक मनोवृत्ती आढळते. ती मला अस्वीकारार्ह वाटते. ज्या कुटुंबाने माणूस गमावला, त्याला खरे कारण कळण्याचा अधिकार आहे. आणि ज्या परिचारिकेवर विनाकारण ठपका आला, तिलाही तो दूर होण्याचा तेवढाच अधिकार आहे. दोषारोप टाळायचा असेल तर त्यासाठी नियम करावा: चौकशीतील जनुकसंचाचा निकाल एकट्या कर्मचाऱ्यावरील शिस्तभंगाच्या कारवाईचा आधार होणार नाही, पण तो रुग्णाच्या नातेवाइकांना समजेल अशा भाषेत सांगितला जाईल आणि साथ सिद्ध झाल्यास आरोग्य यंत्रणेला कळवला जाईल.

आपल्यासारख्या वृत्तपत्रांनाही एक विनंती. यापुढे अशी बातमी आली, की चौकशी समितीत कोण आहे एवढेच विचारून थांबू नये. सर्व रुग्णांचे जिवाणू जपून ठेवले आहेत का, ते सिक्वेन्सिंगसाठी कोणत्या तारखेला पाठवले, आणि निकाल खाटांच्या नोंदींशी ताडून पाहण्याची जबाबदारी कोणाकडे आहे, हे आपल्या वार्ताहरांनी विचारावे आणि मिळालेले उत्तर, किंवा उत्तर मिळाले नाही ही गोष्ट, बातमीत छापावी.

आपली विश्वासू,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ